हात चालवा, गाडी आली

सेठ माणसाला पहिल्या भेटीत नाव विचारत नसत. कोणत्या गाडीने आलात, असं विचारत. मेलने आलेल्याला खुर्ची, पॅसेंजरने आलेल्याला बाक, आणि अरुंद रुळांच्या छोट्या लाईनने आलेल्याला आधी पाणी, मग बाक, असा त्यांच्या घरचा शिष्टाचार होता. छोट्या लाईनचा माणूस तहानलेलाच असतो, हे त्यामागचं शास्त्र. मी गोंदियाच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू व्हायला आलो, तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली भाड्याने मिळेल का, हे विचारायला गेलो होतो. तो प्रश्न आलाच. मी खरं ते सांगितलं, की तिरोड्याहून भाताच्या बैलगाडीवर बसून आलो. बैलगाडीने आलेल्या माणसाला काय द्यायचं, हे त्यांच्या शास्त्रात ठरलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी खोली दिली.

जातीने शेतकरी, धंद्याने खानावळवाले आणि हाक मारायला सेठ, असा तो माणूस होता. मोठ्या आणि छोट्या लाईनवर मिळून त्यांची सात भोजनालयं होती. तुमसर, तिरोडा, आमगाव, सालेकसा अशा स्टेशनांच्या फाटकाबाहेर टिनाचं छप्पर, त्याखाली लांब बाकं, पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि भिंतीवर सेठचा फोटो. सगळ्यात मोठं भोजनालय अर्थात गोंदियाचं. तिथे मोठ्या लाईनचे उतारू छोट्या लाईनच्या गाडीची वाट पाहत तासन्‌तास पडून असत. वाट पाहणाऱ्या माणसाला भूक लागते, या एवढ्याशा शोधावर सेठनी दुमजली घर आणि मोटार मिळवली. हा शोध कोणालाही लागला असता. पण बाकीचं गाव तेव्हा नव्या इंजिनाकडे पाहत होतं.

उतारूंबद्दल त्यांची काही पक्की मतं होती, आणि ती ते शिळोप्याच्या वेळी मला ऐकवत. "मास्तर, उपाशी मानूस हिंदी बोलते का मराठी, ते पाहाचं नाई. तो भाताकडं पाहते का वरनाकडं, ते पाहाचं." भाताकडे पाहणारा छत्तीसगडच्या बाजूचा, वरणाकडे पाहणारा नागपूरचा, आणि दोन्हींकडे न पाहता भिंतीवरच्या फोटोकडे पाहणारा सरकारी नोकर, असं ते सांगत. तिसऱ्या प्रकारच्या माणसाला जरा जास्त तूप वाढायचं, असा वाढप्यांना हुकूम होता.

त्या फोटोची एक हकीकत आहे. सेठना आपला मोठा फोटो काढून सातही भोजनालयांत लावायचा होता. जबलपूरहून फोटोग्राफर बोलावला. जरीचा फेटा, लांब कोट, घड्याळाची साखळी, आणि हातात एक जाड इंग्रजी पुस्तक. पुस्तक माझं होतं आणि ते भूमितीचं होतं. सेठना सही करता येत असे, वाचता मात्र मोठ्या अक्षरांतली पाटीच येई. फोटो तयार होऊन आला, तेव्हा त्यांनी तो कौतुकाने काकूंना दाखवला. सेठच्या बायकोला मी काकू म्हणत असे. काकूंनी तो हातात घेतला, दारापाशी उजेडात नेला आणि परत आणून दिला. "हे बुक कायले धरलं? पळी धरली असती तं चार लोकांनी ओळखलं असतं." सेठ त्या दिवशी जेवले नाहीत. चार दिवसांनी फोटोग्राफर पुन्हा जबलपूरहून आला. तोच फेटा, तोच कोट, तीच साखळी, आणि हातात तलवारीसारखी उभी धरलेली पितळी पळी. सात भोजनालयांत तोच फोटो लागला. राजेरजवाड्यांचे पुष्कळ फोटो मी नंतर पाहिले. हातातल्या वस्तूचा उपयोग ज्याला ठाऊक आहे, असा माणूस त्यांत मला फारसा दिसला नाही.

घरही स्टेशनासारखं चालावं, ही त्यांची हौस. ओसरीवर रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. पहिली घंटा आंघोळीची, दुसरीला पाट मांडायचे, तिसरीला वाढायचं. घंटा सेठ स्वतः वाजवत आणि वाजवल्यावर घड्याळ काढून पाहत. घरात माणसं म्हणजे सेठ, काकू, त्यांची एकुलती एक मुलगी आणि भाडेकरू म्हणून मी. या चार उतारूंसाठी एवढी घंटा रोज दोन वेळा वाजे.

"तिसरी घंटी झाली," सेठ पाटावर बसून म्हणत.

"गाडी लेट हाये," काकू चुलीपासून म्हणत.

सात स्टेशनांवर ज्यांचा शब्द चाले, त्यांना आपल्या घरातली गाडी वेळेवर आणता आली नाही. काकूंनी भोजनालयातला एक घासही कधी चाखला नव्हता. बाट वगैरे काही नाही, पण त्या सगळ्याला त्या 'दुकान' म्हणत, आणि दुकानातलं आपण खात नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. सेठनी कधी घरच्या वरणाला नाव ठेवलं, तर त्या शांतपणे सांगत, "मंग जा न टेसनावर. पैसे द्या अना खा."

मोटारीचं मी फार लिहीत नाही, कारण ती फार चाललीही नाही. ती नागपूरहून मालगाडीने आली. त्या मोटारीतून गोरेगावच्या बाजाराला जायचं, असा सेठचा बेत होता. मला शेजारी बसवलं. वाटेत एका बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, कडेला तिची दोन चाकं चिखलात गेली आणि शेतात नांगरणी करणाऱ्या माणसाचे बैल जुंपावे लागले. सेठ खाली उतरले नाहीत. बैल ओढत होते, ड्रायव्हर मागून ढकलत होता, आणि सेठ आत ताठ बसून भोंगा वाजवत होते. आम्ही गोरेगावच्या बाजारात तसेच शिरलो. भाजी विकणारी एक म्हातारी म्हणाली, "बैलाची गाडी मोठी झाकपाक हाये हो." सेठनी तिलाही भोंगा वाजवून मान दिला.

पण हा माणूस नुसता हौशी असता, तर सात भोजनालयं चालली नसती. धंद्यात त्यांची एक रीत होती, आणि ती अख्ख्या लाईनवर ठाऊक होती. गाडी बाहेरच्या सिग्नलपाशी आली की इंजिन शिट्टी देई. शिट्टी ऐकू येताच दाराशी उभा असलेला वाढपी ओरडे, "हात चालवा, गाडी आली!" त्याबरोबर सगळे वाढपी दुप्पट वेगाने फिरू लागत. भात, वरण, दोन पुऱ्या, पाणी. दुसरे खानावळवाले ही आरोळी मुद्दाम लवकर देत. माणूस घाबरून अर्ध्या ताटावरून उठे आणि त्याच्या उरलेल्या पुऱ्या पुढच्या माणसाच्या ताटात जात. सेठच्या भोजनालयात आरोळी शिट्टी झाल्यावरच होई. गाडी सिग्नलपासून फलाटावर येईल, थांबेल, इंजिन पाणी घेईल. तेवढ्या वेळात पोटभर जेवून होतं, हे सेठनी स्वतः जेवून, घड्याळ समोर ठेवून ठरवलं होतं.

यात नवा आणि जुना गिऱ्हाईक लगेच ओळखू येई. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना तिथे पहिल्यांदा जेवायला बसलो. आरोळी झाली आणि मी ट्रंक उचलून धावत सुटलो. मागे वळून पाहिलं, तर बाकी सगळे जागचे हललेही नव्हते. मान खाली घालून त्यांचे हात मात्र झपाट्याने चालले होते. एक पुरी दुमडायची, भाजीत बुडवायची, तोंडात टाकायची, आणि तिचा घास उतरायच्या आत दुसरी दुमडायची. नवखा उठून पळतो. सरावलेला माणूस बसून हात चालवतो. फलाटावर मी अर्ध्या पोटाने उभा राहिलो, आणि पाच-सात मिनिटांनी ते सगळे ढेकर देत माझ्याच डब्यात चढले.

आता सेठच्या थोरल्या भावाबद्दल. ते गोरेगावकडच्या एका गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार. सेठ त्यांना दादा म्हणत. पूर्वज माळव्यातून आले, जंगल तोडून तळी खोदली, धानाची शेती केली, हा इतिहास दादा बसल्या बैठकीला सांगत, आणि तो कालच घडल्यासारखा सांगत. त्यांच्या घरी आलेला माणूस न जेवता जात नसे. अशा घरातल्या धाकट्या मुलाने स्टेशनावर जाऊन अन्न विकावं, हे दादांच्या डोक्यात बसेना. धान विकता येतं, तांदूळ विकता येतो. दादांचा तांदूळ व्यापाऱ्याच्या हातून फिरून सेठच्याच भोजनालयात येई, आणि हे दोघांनाही माहीत होतं. पण तोच तांदूळ शिजवला की त्याचा पैसा घेता येत नाही. कच्चा विकला तर व्यापार आणि शिजवून विकला तर बाट, ही रेषा चुलीवरच्या कुठल्या उकळीला ओलांडली जाते, हे मी एकदा दादांना विचारलं. ते म्हणाले, "मास्तर, तुमी शाळेतलं पाहा."

भोजनालय निघालं त्या वर्षापासून दादा सेठच्या घरचं पाणीही पीत नसत. भांडण नव्हतं. ते येत, ओसरीवरच्या बाकावर बसत, पुतणीच्या डोक्यावरून हात फिरवत, पावसापाण्याचं बोलत. पाणी मात्र घरून आणलेल्या तांब्यातलं. सेठ समोर बसून त्या तांब्याकडे पाहत राहत. दादा गेले की ते एकदम मोठ्या आवाजात घरात कोणावर तरी रागावत. बहुधा माझ्यावर, कारण काकूंवर रागावण्याची सोय नव्हती.

मुलीचं लग्न ठरायला आलं, तेव्हा हे सगळं अंगावर आलं. मुलगा तिरोड्याकडच्या खात्यापित्या घरचा होता आणि मुलीला तो पसंत होता. मी तिला घरी शिकवत असे, म्हणून हे मला ठाऊक. सेठना ते शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. मुलाचे वडील सरळ माणूस होते. त्यांनी हुंडा मागितला नाही, मानपान मागितला नाही. एकच म्हणाले. जातीचे पंच तुमच्या दारी जेवले पाहिजेत, आणि आपल्या रीतीप्रमाणे पहिला घास घरातल्या थोरल्याने घेतला पाहिजे. तुमचे दादा जेवले तर सगळी जात जेवली. ते उठले तर आम्हालाही वऱ्हाड घेऊन उठावं लागेल. आमच्या घरी अजून दोन मुली उजवायच्या आहेत.

पंचांनी सेठकडे निरोप पाठवला. भोजनालयं बंद करा, जातीला एक जेवण द्या, झालं गेलं विसरू. सेठनी निरोप्याला पोटभर जेवू घालायचा प्रयत्न केला; तो अर्थातच जेवला नाही. मग ते म्हणाले, "सात चुली इझवून एक पेटवू का? जाऊन सांगा, नाई जमत."

त्या दिवशी घरात तिसरी घंटा वाजलीच नाही. काकू ओसरीवर आल्या. एरवी त्या माझ्यासमोर घरातलं भांडण काढत नसत.

"तुमच्या सात चुलीपायी पोरगी घरी बसवता का?"

"दादा जेवतीन."

"कायच्या भरवशावर सांगून राहिले?"

"भाऊ होय तो माहा."

"भाऊ होय तं इतके वर्सं तांब्या कोनाचा आनते?" काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

मुलगी आतून सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी धडा वाचता वाचता ती थांबली आणि म्हणाली, "मास्तर, बाकीच्या मुलींचं लग्न पत्रिकेवर अडते, रंगावर अडते. माझं वरनभातावर काऊन अडून राहिलं?" मी तिला पुढचा धडा वाचायला सांगितला. मास्तर लोक याहून जास्त काही करत नाहीत.

सेठनी स्वतः दादांकडे जाऊन हातापाया पडावं, असं मी एकदा सुचवलं. ते गेलेही. परत आले तेव्हा सांगितलं, की पावसापाण्याचं बोलणं झालं. दादा लग्नाला येणार. पुतणीच्या लग्नाला न येणं हीही नामुष्कीच. जेवणार का, हे विचारलंत का? नाही. का नाही? "भावाले असं इचारते का, का बा, माह्या घरी जेवशील का म्हनून?" एवढा मोठा धंदा उभा करणारा माणूस सगळ्या लाईनवरच्या अनोळखी लोकांना जेवणार का, हेच विचारत जगला होता. एका माणसाला विचारायला मात्र त्याची जीभ रेटेना.

एका गोष्टीवर ते अडून राहिले. स्वयंपाक त्यांचेच आचारी करणार आणि वाढायला त्यांच्याच सात भोजनालयांचे वाढपी येणार. नात्यातल्या बायकांनी रांधावं, म्हणजे पंचांना जेवायला पळवाट मिळेल, असं काकूंचं म्हणणं होतं. सेठ म्हणाले, माझ्या दारी जेवायचं तर माझ्या हातचं जेवा. लग्नापुरती सातही भोजनालयं बंद ठेवली आणि सगळे वाढपी एकसारखे पांढरे सदरे घालून मांडवात हजर झाले. मांडव इतका मोठा होता की त्यात एक छोटी गाडी उभी राहिली असती. रायपूरहून बँड आला होता. बँडवाल्यांच्या फेट्यांना सेठच्या फेट्यासारखीच जर होती, त्यामुळे बाहेरून आलेल्या एक-दोघांनी क्लॅरिनेट वाजवणाऱ्यालाच मुलीचा बाप समजून नमस्कार केला.

मुहूर्त गोरजाचा होता आणि पंगत दुपारची. वऱ्हाड आलं, पंच आले, दादा आले. त्यांच्या मागे त्यांचा गडी होता आणि गड्याच्या हातात तो तांब्या होता. पंगती बसल्या. पहिल्या रांगेच्या तोंडाशी दादा, शेजारी सगळ्यांत म्हातारे पंच, मग बाकीचे पंच, समोर मुलाचे वडील. पत्रावळी वाढून झाल्या. भात, वरण, कढी, वांग्याची भाजी, पुऱ्या, वडे, बुंदी. वाढप बघत राहावं असं झालं होतं, आणि सगळे बघतच राहिले होते.

दादांनी तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, पानाभोवती फिरवलं, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले.

बँड थांबला होता. एवढी माणसं आणि एकाचाही हात पानाकडे जाईना. कढीवर साय धरू लागली. सेठ रांगेच्या टोकाशी हात जोडून उभे होते. विनवण्या करतील, पाया पडतील, अशी सगळ्यांची अपेक्षा असावी. पण ते नुसते दादांच्या हाताकडे पाहत होते. काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या. मुलाच्या वडिलांनी एकदा आपल्या मुलाकडे पाहिलं आणि मग जवळ ठेवलेल्या पगडीवर डावा हात ठेवला. ते पगडी उचलणार, हे मला दिसत होतं. दादांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला वाटतं, त्यांनाही काय करावं ते कळत नव्हतं. इतकी वर्षं धरून ठेवलेली गोष्ट सगळ्या जातीसमोर सोडायची कशी, हे त्यांच्या माळव्यातून आलेल्या पूर्वजांनी सांगून ठेवलं नव्हतं.

सेठचं घर लाईनच्या कडेलाच. तेवढ्यात बाहेरच्या सिग्नलपाशी इंजिनाने लांब शिट्टी दिली.

मांडवाच्या दाराशी तुमसरचा वाढपी उभा होता. तो बिचारा जन्मात दुसरं काही शिकला नव्हता. शिट्टी कानावर पडताच त्याने मान वर केली आणि खणखणीत आवाजात आरोळी ठोकली, "हात चालवा, गाडी आली!"

सगळे पांढरे सदरे एकदम सुटले. पुऱ्यांच्या परड्या, वरणाच्या बादल्या, पाण्याच्या झाऱ्या दुप्पट वेगाने रांगांतून धावू लागल्या. वऱ्हाडातली काही तरुण मंडळी दचकून उठून उभी राहिली. दोन-तीन म्हातारे गोंधळून इकडे तिकडे पाहू लागले. आणि दादांनी मान खाली घातली, पुरी दुमडली, भाजीत बुडवली आणि तोंडात टाकली. तिचा घास उतरायच्या आत त्यांनी दुसरी दुमडली.

मी रांगेवरून नजर फिरवली. शेजारचे म्हातारे पंच उजव्या हाताने भात कालवत होते आणि डाव्या हाताने दोन पुऱ्या उपरण्याच्या टोकात गुंडाळत होते. त्यांच्या पलीकडचे पंच कढी वाटीनेच पीत होते. पाच पंचांपैकी चौघे मान खाली घालून, डावीउजवीकडे न पाहता, सरावलेल्या झपाट्याने जेवत होते. मुलाचे वडीलही वडा मोडून बसले होते. उभे राहिलेले नवखे तेवढे उभेच होते.

मग हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं. आधी म्हाताऱ्या पंचांचा हात थांबला, मग शेजारच्याचा. दादा सगळ्यांत शेवटी थांबले. त्यांचा गाल पुरीने फुगलेला होता. आत बायकांमध्ये कोणीतरी तोंडात पदर कोंबून हसू दाबल्याचा आवाज आला. त्या काकू होत्या, असं मुलगी नंतर म्हणाली.

या क्षणी सेठ काहीही म्हणू शकले असते. त्यांच्या जागी मी असतो, तर मी नक्कीच काहीतरी म्हटलं असतं आणि लग्न मोडलं असतं. सेठ रांगेतून चालत दादांच्या पानासमोर आले, खाली वाकले आणि एखाद्या उतारूला सांगावं तसं सांगितलं, "दादा, सावकास होऊ द्या. मालगाडी होय ते."

दादांनी घास गिळला. पाणी प्यायले. गडबडीत कोणीतरी झारीतून वाढलेलं, सेठच्या विहिरीचं पाणी.

"मालगाडी होय तं हा कायले वरडून राहिला?" त्यांनी विचारलं. मग पानाकडे पाहिलं. "कढी थंडी झाली. गरम आन."

कोणीतरी हसलं, आणि मग मांडव हसला. मुलाच्या वडिलांनी पगडीवरचा हात काढून घेतला आणि दुसरा वडा घेतला. गोरजावर लग्न लागलं.

नंतर दादांना कोणी छेडलं, तर ते मुळीच शरमत नसत. कोर्टाच्या तारखेला भंडाऱ्याला जायचं, तर वाटेत तुमसरला न जेवता उपाशी जायचं का? आणि आपण पैसे मोजून जेवलो, पाहुणा म्हणून नाही; त्यात बाट कुठला? म्हाताऱ्या पंचांनीही हेच सांगितलं, फक्त त्यांनी उपरण्यातल्या पुऱ्यांबद्दल काही सांगितलं नाही. मला वाटलं, सेठना हे ऐकून भरून आलं असेल. तसं काही नव्हतं. ते रागावले होते. "इतके वर्सं माह्याकडं जेवला अना एक बार म्हनला नाई, का बा वरन बरं हाये," ते मला म्हणाले. "अना तुमसरवाल्यानं बी कधी सांगितलं नाई." तुमसरच्या वाढप्याला विचारलं, तर तो म्हणाला की जेवताना चेहरा वर करणारं गिऱ्हाईक त्याने आजवर पाहिलेलंच नाही.

मुलगी सासरी गेल्यावर सेठना एकच ध्यास लागला. त्या मालगाडीचा ड्रायव्हर कोण, याचा त्यांनी छडा लावला. तो एक म्हातारा ख्रिस्ती होता. त्याला इंजिनावरून खाली उतरवून सेठनी जरीचा फेटा बांधला, धोतरजोडी दिली आणि बुंदीची परडी त्याच्या हातात ठेवली. त्या माणसाला काहीच कळेना. एवढा मान आपल्याला कशाचा, असं त्याने मला विचारलं. मी सांगितलं, शिट्टीचा. तो म्हणाला, "सेठ, हमने तो भैंस के लिए सीटी मारी. लाईन पर खडी थी."

सेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, म्हैस कोनाची होती, पाहून या बरं."

मी दोन दिवस लाईनच्या कडेच्या घरांतून फिरलो. मास्तर रेल्वेच्या दंडाची चौकशी करत आहे, अशी बातमी माझ्या पुढे पोहोचत गेली. एका घरी गोठ्यातून म्हैस ओरडत असताना मालकाने मला शपथेवर सांगितलं की आमच्याकडे म्हैस नाही. त्या आठवड्यात गोंदियात कोणाच्याही मालकीची म्हैस उरली नव्हती. सेठनी यावर तोड काढली. त्यांनी लाईनलगतच्या सगळ्या घरांना जेवणाचं आमंत्रण दिलं. ज्याची असेल तो त्यात येईलच.

त्या पंगतीला दादा होते. लग्नानंतर ते गावी परतलेच नव्हते. ओसरीवरच्या बाकावरून उठून आतल्या खोलीत मुक्काम हलवला होता. पानं वाढून झाली. सवयीने काही लोक त्यांच्या हाताकडे पाहत थांबले, तर दादा त्यांच्या आधीच भात कालवून बसले होते आणि शेजारच्या गवळ्याला विचारत होते, "म्हशी किती हायेत रे तुह्याकडं?"